दोन मालकांचे भांडण आणि दोन स्त्रियांची मैत्री

१९९६ साली अमेरिकेत एक लढाई झाली. ती रणांगणावर नव्हे, कॉमिक्सच्या पानांवर झाली. एका बाजूला होती वंडर वुमन, डी. सी. कॉमिक्स या कंपनीची सर्वांत प्रसिद्ध महानायिका. दुसऱ्या बाजूला होती स्टॉर्म, म्हणजे वारा, पाऊस आणि वीज यांवर हुकमत चालविणारी मार्व्हल कॉमिक्सची कृष्णवर्णीय महानायिका. सुपरमॅन आणि बॅटमन ज्यांचे ती डी. सी., स्पायडरमॅन आणि हल्क ज्यांचे ती मार्व्हल, एवढे सांगितले म्हणजे वाचकांना पुरे. या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून चार अंकांची मालिका काढली. तीत एकूण अकरा लढती ठेवल्या आणि त्यांपैकी पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतदानावर सोडला. त्या पाचांत दोन स्त्रियांची लढत एकच होती. मतमोजणी झाली आणि स्टॉर्म जिंकली.

स्टॉर्मचे मूळ नाव ओरोरो मुनरो. आई केनियाची राजकन्या, वडील अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्र-पत्रकार. मूळ कथेनुसार १९५६ च्या सुएझ युद्धात कैरोतील त्यांच्या घरावर विमान कोसळते, आई-वडील जातात आणि लहानगी ओरोरो ढिगाऱ्याखाली आईच्या प्रेताशेजारी अडकून पडते. बंदिस्त जागेची भीती तिला जन्माची चिकटते. पुढे ती कैरोच्या रस्त्यांवर खिसे कापून जगते. अशा मुलीने थेमिस्किरा बेटाच्या राजकन्येला हरवावे आणि तेही अमेरिकन वाचकांच्या मतांनी, याचा कुणालाही आनंद वाटेल. मलाही वाटतो. पण आनंद झाला म्हणून प्रश्न विचारायचे थांबवायचे नसते. पहिला प्रश्न असा, की या दोघींचे भांडण होते तरी कशावरून?

उत्तर त्या मालिकेतच आहे. दोघींचे काहीही भांडण नव्हते. कथेत दोन प्रचंड वैश्विक भाऊ दाखविले आहेत. एक भाऊ म्हणजे एका कंपनीचे विश्व, दुसरा म्हणजे दुसरीचे. या दोघा भावांत कोण मोठा याचा वाद आहे आणि तो वाद सोडविण्यासाठी ते आपापल्या नायक-नायिकांना एकमेकांवर घालतात. हरेल त्याचे विश्व नष्ट होणार. म्हणजे भांडण दोन मालकांचे आणि लढायचे मात्र त्यांच्या आश्रितांनी! वंडर वुमनच्या हाती त्या कथेत थॉरचा हातोडा येतो. तो हाती असता तर तिचे पारडे जड झाले असते. पण स्टॉर्मशी झुंजताना तो वापरणे अन्यायाचे होईल म्हणून ती तो बाजूला ठेवते. ज्या स्त्रीला शत्रूशीही बरोबरीने वागावेसे वाटते, तिला शत्रू म्हणून समोर उभी केलेली स्त्री खरोखर शत्रू वाटत असेल का?

त्या अकरा लढतींत स्त्रिया आणखी कुठे होत्या तेही पाहू. कॅटवुमन आणि इलेक्ट्रा यांची एक लढत. तीही झुंजच. दुसरी ज्युबिली या चिनी वंशाच्या अमेरिकन मुलीची, पण तिच्यासमोर बॅटमनचा साथीदार रॉबिन. तिथे लढाईत प्रेमप्रकरण मिसळलेले. थोडक्यात, दोन कंपन्या एकत्र आल्या तेव्हा स्त्रीसमोर स्त्री आली ती झुंजायला आणि पुरुषासमोर आली ती प्रेमात पडायला.

मालिका तिथे संपली नाही. कंपन्यांनी दोन विश्वे एकमेकांत मिसळून जोडपात्रांचे अंक काढले. त्यांत वंडर वुमन आणि स्टॉर्म यांना वितळवून एकच स्त्री बनविण्यात आली. तिचे नाव ॲमेझॉन. लेखक-चित्रकार होते जॉन बर्न. नाव ओरोरोचे, अंगातले वादळ ओरोरोचे, पण पद थेमिस्किराच्या राजकन्येचे. कैरोचा रस्ता गेला. ढिगाराही गेला आणि भूकही गेली. आधी दोघींना झुंजविले, मग एकीत दुसरी विरघळवून टाकली. दोघी दोन वेगळ्या स्त्रिया म्हणून एकमेकींशेजारी उभ्या राहतील, एकमेकींचे ऐकतील, मतभेद ठेवूनही एका कामाला हात घालतील, हा तिसरा मार्ग या योजनेत कुणाला सुचला नाही.

प्रतिस्पर्धी विश्वांतील महानायिकांच्या जोड्या कल्पनेत जमविणे हा अमेरिकेतील वाचकांचा जुना छंद आहे. अमकी आणि तमकी एकत्र आल्या तर काय होईल? अनेकांना हा पोरखेळ वाटेल. आपल्यापुढे नोकरी, शिक्षण, अत्याचार यांचे डोंगराएवढे प्रश्न असताना भांडवलदारी बाजारातल्या या बाहुल्यांचे काय घेऊन बसलात, असेही कुणी विचारील. त्यांना माझे उत्तर असे की, या बाहुल्या आज आपल्या घरात आहेत. मुलांच्या दप्तरावर आहेत, टीव्हीच्या पडद्यावर आहेत, मोबाइलवर आहेत. बलवान स्त्री कशी दिसते, तिचा रंग कोणता, ती कुणासाठी लढते आणि दुसऱ्या बलवान स्त्रीशी कशी वागते, याचे धडे मुले तिथून घेतात. जे चित्र मुलांच्या मनात घर करते, त्याची उलटतपासणी करायला नको का?

मुळात या नायिका जन्माला कशा आल्या ते पाहिले पाहिजे. वंडर वुमन १९४१ साली आली. तिचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते, शिवाय हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर होते. स्त्री जगावर राज्य करील असे मानणारा हा माणूस होता. पण त्यांची नायिका १९४२ साली डी. सी. च्या वीरांच्या संघटनेत गेली, तेव्हा दुसऱ्या लेखकाने तिला पद दिले सेक्रेटरीचे! पुरुष वीर युद्धावर निघाले आणि त्यांच्या बरोबरीची ताकद असलेली ही बाई कार्यालयात मागे राहिली. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

१९७३ साली वंडर वुमनच्या कथेत नुबिया आली. कथेनुसार राणीने मातीच्या दोन मुली घडविल्या होत्या. गोऱ्या मातीची डायना, म्हणजे वंडर वुमन, आणि काळ्या मातीची नुबिया. दोघी एका आईच्या. पण गोरी बहीण कंपनीचा चेहरा बनली आणि काळी बहीण थोड्याच अंकांनंतर दीर्घकाळ बाजूला पडली. थेमिस्किराची राणी म्हणून तिची स्वतंत्र मालिका यायला २०२१ साल उजाडले. १९७८ साली डी. सी. ने व्हिक्सन या आफ्रिकी नायिकेचा स्वतंत्र अंक काढायचे ठरविले. अंक तयार झाला आणि त्याच वर्षी कंपनीने तोट्यापायी अनेक मालिका बंद केल्या, त्यात व्हिक्सनचा बाजारात येण्याआधीच बळी गेला. तिला पहिली भूमिका मिळाली १९८१ साली, तीही सुपरमॅनच्या अंकात पाहुणी म्हणून. काटकसर आली की कात्री कुणावर चालते, हे सर्वत्र सारखेच.

मार्व्हलच्या दोन नायिकांची जन्मकथा तर वकिलाने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९७७ ची स्पायडर वुमन आणि १९८० ची शी-हल्क यांचा जन्म प्रामुख्याने नाव राखून ठेवण्यासाठी झाला. दुसऱ्या कुणी आपल्या नायकाची स्त्री आवृत्ती काढून तिच्यावर हक्क सांगू नये, म्हणून आपणच आधी काढून ठेवा! मोकळ्या प्लॉटला कुंपण घालावे तशी ही स्त्री-पात्रे उभी केली गेली.

आणि ही स्पर्धा तरी किती खरी होती? ज्या दोन कंपन्या बाजारात एकमेकींच्या उरावर बसत, त्यांनी ‘सुपरहिरो’ या शब्दाचा ट्रेडमार्क अमेरिकेत संयुक्त मालकीने नोंदवून घेतला होता. दशकानुदशके तिसऱ्या कुणाला त्या शब्दाचे दुकान थाटायचे असेल तर या दोघी हातात हात घालून हरकत घ्यायला तयार. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या मंडळाने या नोंदण्या रद्द केल्या, कारण एका छोट्या प्रकाशनाने अर्ज केल्यावर कंपन्यांनी मुदतीत उत्तरच दाखल केले नाही. तात्पर्य काय? मालकांना हवे तेव्हा मालकांची जोडी जमते. शब्द वाटून घ्यायचा असेल तर ते एक होतात आणि पात्रे झुंजवायची असतील तर ते दोन होतात.

पुरुष नायकांच्या जोड्यांचा इतिहास यापेक्षा वेगळा आहे. १९७६ साली सुपरमॅन आणि स्पायडरमॅन प्रथम एका मोठ्या अंकात भेटले. शीर्षकात लढाई, पण आत रीत ठरलेली. आधी गैरसमजातून मारामारी, मग हस्तांदोलन, मग दोघे मिळून खलनायकांचा समाचार. १९८१ साली ते दोघे पुन्हा भेटले. त्या अंकात वंडर वुमन आहे, पण शीर्षकात ती नाही. त्याच वर्षी बॅटमन आणि हल्क भेटले. डी. सी. आणि मार्व्हल यांच्या दोन मुख्य संघांची भेट १९८३ साली कंपन्यांच्या वादात फिसकटली आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी काढलेली पाने पडून राहिली. ती भेट शेवटी २००३ साली त्याच पेरेझ यांच्या कुंचल्यातून झाली. म्हणजे वीस वर्षे एक कथा दोन कार्यालयांच्या भांडणात अडकली होती.

एक चांगला अपवाद मात्र सांगायलाच हवा. १९८२ साली मार्व्हलचे एक्स-मेन आणि डी. सी. चे टीन टायटन्स भेटले. लेखक ख्रिस क्लेअरमाँट. एका बाजूला स्टॉर्म आणि किटी प्राइड, दुसऱ्या बाजूला वंडर गर्ल, स्टारफायर आणि रेव्हन. इथे स्त्रिया सजावटीला नव्हत्या, कथेचा भार वाहत होत्या. ज्या लेखकाने आपल्या मालिकेत स्त्रियांना माणूस म्हणून लिहिले, त्याच्या हाती दोन कंपन्यांची भेट गेली तेव्हा फरक पडला. पात्राचे भवितव्य लेखणी धरणाऱ्याच्या हाती असते, हे यावरून सिद्ध होते.

आता आपण स्वतः जोड्या जमवून पाहू. माझी अट एकच. कोण जास्त बलवान, हा प्रश्न विचारायचा नाही. दोघींच्या आयुष्यात काय घडले आहे आणि कोणत्या कामासाठी त्यांना एकमेकींची गरज पडेल, हे विचारायचे.

पहिली जोडी अर्थात स्टॉर्म आणि वंडर वुमन. समुद्रात निर्वासितांची एक होडी बुडते आहे असे समजा. वादळ शमविणे स्टॉर्मला एका क्षणाचे काम. बुडणाऱ्यांना वर ओढणे वंडर वुमनला सोपे. पण खरी कथा त्यानंतर सुरू होते. या लोकांना उतरवायचे कुठे? डायना सहज म्हणेल, माझ्या बेटावर चला. तेव्हा स्टॉर्म विचारील, तुमच्या बेटाच्या कायद्याने पुरुषाला पाय ठेवायला बंदी आहे, मग या बाईच्या कडेवरच्या मुलाचे काय? त्याच्या बापाचे काय? अन्यायातून सुटण्यासाठी स्त्रियांनी उभारलेले सुरक्षित बेट आणि त्याच बेटाचे बंद दरवाजे, हा पेच डायनाला तिच्या शत्रूंनी कधी घातला नसेल तितका नेमका एक मैत्रीणच घालू शकते. आणि डायनाही तिला विचारू शकते की, दार उघडून आत आलेल्या प्रत्येकापासून माझ्या बहिणींचे रक्षण कोण करील? दोन्ही प्रश्न खरे आहेत. अशा प्रश्नांवर दोघींनी रात्रभर बोलावे, हीच ती भेट. १९९६ साली ती काही पानांच्या मारामारीत उरकली गेली.

स्टॉर्मकडून डायनाला शिकण्यासारखे आणखी एक आहे. केनियात लोक ओरोरोला पावसाची देवी मानून पुजत होते. ते देवीपण सोडून ती एक्स-मेनमध्ये आली, सहकाऱ्यांत सहकारी झाली. पुढे १९८० च्या दशकात तिच्या शक्ती गेल्या. तरीही १९८६ च्या अंकात तिने शक्तीविना सायक्लॉप्सला हरवून संघाचे नेतृत्व मिळविले. देवी म्हणून पुजली जाणे सोपे, माणूस म्हणून नेतृत्व मिळविणे कठीण. स्त्रीला देव्हाऱ्यात बसवून सभेतली खुर्ची नाकारणाऱ्या समाजाला हा फरक समजावून सांगण्याची गरज आहे.

दुसरी जोडी वकिलाच्या नजरेतून जमवितो. शी-हल्क, म्हणजे जेनिफर वॉल्टर्स, ही आमच्याच व्यवसायातली. नाव राखण्यासाठी जन्मली खरी, पण चांगल्या लेखकांच्या हाती पडून स्वतंत्र झाली. १९८९ च्या मालिकेत तर ती पानातून मान बाहेर काढून आपल्या लेखकाशीच भांडते. तिच्यासमोर पुन्हा वंडर वुमन ठेवा आणि मध्ये ठेवा तिचा तो सोनेरी फास, जो गळ्यात पडला की माणूस खरे बोलू लागतो.

या फासामागे एक खरा खटला आहे. मार्स्टन यांनी रक्तदाबावरून खोटे ओळखण्याची चाचणी तयार केली होती. वॉशिंग्टनमध्ये जेम्स फ्राय या कृष्णवर्णीय तरुणावर खुनाचा आरोप होता. मार्स्टन यांच्या चाचणीनुसार तो निर्दोष असल्याचे खरे सांगत होता. पण न्यायालयाने ही चाचणी पुरावा म्हणून घेतली नाही आणि १९२३ साली अपील न्यायालयानेही तेच कायम केले. शास्त्रीय पद्धत त्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य झालेली असली पाहिजे, हा पुढे दीर्घकाळ चाललेला दंडक त्या निकालातून आला. न्यायालयाने यंत्र नाकारले आणि अठरा वर्षांनी त्याच माणसाची नायिका अवतरली. पुढे तिच्या हातचा दोर सत्य वदवून घेणारा म्हणून जगप्रसिद्ध झाला.

आता कल्पना करा. वंडर वुमनने एका संशयिताला फास टाकून गुन्हा कबूल करायला लावला आहे आणि त्या संशयिताची वकील आहे जेनिफर वॉल्टर्स. ती उभी राहून सांगेल, तुमचा दोर कधी चुकत नसेल, पण माझ्या अशिलाला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येणार नाही, अमेरिकेच्या घटनेची पाचवी दुरुस्ती वाचा. आपल्याकडे भारतीय संविधानाचे अनुच्छेद २०(३) हेच सांगते. २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को चाचणी आणि खोटे पकडणारी चाचणी घटनाबाह्य ठरविली. वंडर वुमन म्हणेल, मला फक्त सत्य हवे आहे. शी-हल्क म्हणेल, सत्य मलाही हवे आहे, पण आज फास चांगल्या हातात आहे, उद्या कुणाच्या हातात असेल? कोठडीत फास कुणाच्या गळ्यात आधी पडतो, हे गरिबांचे खटले चालविणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा. सद्हेतू आणि कायद्याची मर्यादा यांचा हा वाद दोन चांगल्या स्त्रियांमध्येच रंगू शकतो, कारण दोघींना न्यायच हवा आहे. आणि मला वाटते, शेवटी डायना तो दोर गुंडाळून ठेवील. थॉरचा हातोडा जिने बाजूला ठेवला, तिला हे जड जाणार नाही.

तिसरी जोडी ओरॅकल आणि मिस्टी नाइट. ओरॅकल म्हणजे बार्बरा गॉर्डन, पूर्वीची बॅटगर्ल, व्यवसायाने ग्रंथपाल. १९८८ च्या एका गाजलेल्या कथेत जोकर तिला गोळी घालतो आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळते. त्या कथेत तिच्या यातनेला मोल नव्हते. ते दुःख होते तिच्या वडिलांचे आणि बॅटमनचे. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याला हे पटले नाही. त्यांनी १९८९ पासून तिला ओरॅकल म्हणून उभे केले. खुर्चीत बसून साऱ्या वीरांना माहिती पुरविणारी, योजना आखणारी बुद्धिमान स्त्री. १९९६ पासून ब्लॅक कॅनरी हिच्याबरोबर तिची जोडी जमली आणि ती मालिका वर्षानुवर्षे चालली. म्हणजे दोन स्त्रियांच्या सोबतीवर मालिका चालत नाही, ही सबब खोटी आहे. २०११ साली कंपनीने बार्बराला पुन्हा चालती केली, तेव्हा अनेक अपंग वाचकांनी नाराजी व्यक्त केली. आपली एक प्रतिनिधी हिरावली गेली, असे त्यांना वाटले.

मार्व्हलची मिस्टी नाइट १९७५ ची. न्यूयॉर्कच्या पोलीस दलातील ही कृष्णवर्णीय अधिकारी बॉम्बस्फोटात उजवा हात गमावते. तिला यांत्रिक हात मिळतो. ती नोकरी सोडून कॉलिन विंग या मैत्रिणीबरोबर खासगी गुप्तहेर बनते. या दोघींना एका खोलीत बसवा. एकीला कंपनीने बलवान यंत्र दिले, दुसरीला खुर्ची दिली आणि मग तीही काढून घेतली. बरे होणे म्हणजे काय, पूर्वीसारखे होणे की आहे त्या शरीरानिशी पूर्ण माणूस म्हणून जगणे? पोलिसी नोकरीची आतली बाजू पाहिलेली मिस्टी पोलीस आयुक्ताच्या मुलीला काय काय सांगेल? मला ही कथा वाचायला आवडेल.

अशा कल्पना निरुपयोगी नसतात, याचा पुरावा एका केशभूषाकार स्त्रीने दिला आहे. १९९४ च्या एका अंकात ग्रीन लँटर्नच्या प्रेयसीला मारून प्रेत फ्रिजमध्ये कोंबलेले दाखविले होते. १९९९ साली गेल सिमोन या वाचक स्त्रीने, केवळ नायकाच्या कथेला धार यावी म्हणून मारल्या गेलेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या स्त्री-पात्रांची यादीच केली आणि तिला त्या फ्रिजवरूनच नाव दिले. त्या यादीने लेखकांना उत्तरे द्यावी लागली. पुढे हीच सिमोन ओरॅकलची मालिका लिहू लागली आणि नंतर वंडर वुमनही. जिने प्रश्न विचारला तिच्याच हाती लेखणी आली.

पण सर्वांच्या हाती लेखणी इतक्या सहज येत नाही. जॅकी ऑर्म्स ही अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री व्यंगचित्रकार. तिची टॉर्ची ब्राउन १९३७ साली छापली गेली ती पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या वृत्तपत्रात. स्वतःचे वृत्तपत्र होते म्हणून स्वतःची नायिका छापता आली. हा मुद्दा या पानाच्या वाचकांना अधिक उलगडून सांगायला नको. १९४७ साली ओरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांनीच तयार केलेले कॉमिक काढले. दुसरा अंक निघालाच नाही, कारण त्याला कागद विकायला कुणी तयार होईना. आणि मार्व्हलसाठी कृष्णवर्णीय स्त्रीने प्रथम लिहिले ते २०१६ साली. स्टॉर्म १९७५ ची. म्हणजे एक्केचाळीस वर्षे ओरोरोच्या तोंडी जे शब्द आले, त्यातला एकही ओरोरोसारख्या दिसणाऱ्या स्त्रीने लिहिलेला नव्हता!

तरीही पात्रे मालकांच्या मुठीतून निसटतात. मार्व्हलची कमला खान ही न्यू जर्सीतील पाकिस्तानी वंशाची मुस्लिम मुलगी. २०१४ साली तिची स्वतंत्र मालिका सुरू झाली. २०१५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवर मुस्लिमद्वेषी जाहिराती लागल्या, तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी त्यांवर कमला खानची चित्रे चिकटवून द्वेषाची अक्षरे झाकून टाकली. कंपनीने हे केले नव्हते. साध्या माणसांनी केले. आणि २०२५ साली दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा मुखपृष्ठावर बॅटमन आणि डेडपूल हे दोन पुरुषच होते, पण आतल्या छोट्या कथांत वंडर वुमन कॅप्टन अमेरिकाबरोबर दिसली आणि कमला खान स्टॅटिक या कृष्णवर्णीय मुलाबरोबर. दार किलकिले झाले आहे. त्यातून स्त्रियांची जोडी बरोबरीने आत आली पाहिजे.

शेवटी वकील म्हणून दोन गोष्टी. या पात्रांच्या जोड्या घरी, स्वतःपुरत्या, वहीत लिहायला किंवा चितारायला भिण्याचे कारण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापराला मोकळीक देते. छापून विकणे मात्र वेगळे, तिथे मालकाचा हक्क आडवा येतो. दुसरे असे की, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच हे स्पष्ट केले आहे. वादळाशी बोलणारी मुलगी किंवा सत्य शोधणारी स्त्री ही कोणत्याही कंपनीची मिरास नाही. स्वतःची नायिका निर्माण करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मालकीलाही मुदत असते. अमेरिकेच्या कायद्यानुसार १९४१ ची मूळ वंडर वुमन २०३७ च्या पहिल्या दिवशी कॉपीराइटमधून मोकळी होईल आणि १९७५ ची स्टॉर्म २०७१ साली. ट्रेडमार्कचे कुंपण उरेल, पण त्यांच्या पहिल्या कथा सर्वांच्या होतील. त्या वर्षी अमेरिकेत कुणीही, कोणत्याही भाषेत त्या दोघींना एकमेकींशेजारी उभे करू शकेल आणि त्यासाठी दोन मालकांची सही लागणार नाही. आज दहा वर्षांची असलेली मुलगी तोवर पन्नाशी ओलांडून गेलेली असेल. तिने तोपर्यंत थांबू नये. दोन बलवान स्त्रिया समोरासमोर आल्या की त्या झुंजणारच, असे तिला कुणी शिकवू लागले, तर तिने वही उघडावी आणि दोघींना एका कामाला लावावे.